चौथा शब्द

शनिवार, ३ फेब्रुवारी

सांता लिब्राडाला पोचलो. बस चक्क वेळेवर आली आणि माझी बॅगही माझ्याबरोबरच उतरली, म्हणजे सुरुवात शुभ म्हणायची. आज सान ब्लासचा सण. अख्खं गाव चर्चसमोर, फटाके, हार्पवाले, भाजलेल्या मांसाचा धूर. क्षणभर वाटलं, माझ्याच स्वागताला जमलेत.

स्टँडवर सिंदुल्फामावशी स्वतः आल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या, हातात काळी छत्री, जीभ तिखट. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, देर्लिस ओवेलार ना तू, राजधानीत, असुन्सिओनला, जेवायला घालत नाहीत वाटतं पोरांना. मला नोकरी देणाऱ्या संस्थेच्या अध्यक्ष त्याच. फोनवर आवाज इतका करारी होता की मी मनात एखादी उंचपुरी बाई धरून आलो होतो. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतात.

घरी नेण्याआधी मला ओढत चर्चकडे घेऊन निघाल्या. आज पाद्री दोन मेणबत्त्यांची फुली करून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात, म्हणजे वर्षभर सान ब्लास घसा सांभाळतो. मी म्हणालो, मावशी, माझं काम बोटांचं, घशाशी माझा काय संबंध. सान ब्लास बोटांचं काही बघत असेल तर येतो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तू कामाला आलायस त्या घरात सगळं काम घशाचंच आहे, कळेल तुला. त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि मी समोरच्या टपरीवर तेरेरे, म्हणजे इथला पाल्याचा गार काढा, पीत बसलो.

रविवार, ४ फेब्रुवारी

माझी नोकरी जिथे आहे त्या घराला इथे आवाजघर म्हणतात. मुळात जुनं टेलिफोन ऑफिस. पुढच्या दालनात बोलायच्या तीन लाकडी केबिन अजून आहेत. त्यांतल्या एकीला आतून जाड घोंगड्या ठोकल्यात. हुकूमशाहीच्या काळात या गावातली माणसं उचलून नेली, ती परत आली नाहीत. त्यांच्या बायका, बहिणी एकेक करून त्या केबिनमध्ये बसल्या, दार लावून, एकट्या, आणि जे पाहिलं ते मशीनला सांगितलं. त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. आवाज आहेत.

मशीन साधंच, टेबलाखाली बसणारं, आत लिनक्स. पण सगळी डिस्क कुलपात. सुरू होतानाच पासवर्ड मागते. तो नसेल तर आत जे आहे त्याची आणि वाळूच्या पोत्याची किंमत एकच. हा पासवर्ड तीन शब्दांचा आहे आणि तीन बायकांनी एकेक वाटून घेतलाय: सिंदुल्फामावशी, पेत्रोनामावशी आणि शाळेतल्या नीमियाबाई. सगळा कोणालाच माहीत नाही आणि मला तर एकही शब्द नाही. पेत्रोनामावशींना लिहितावाचता येत नाही. त्यांना आपला शब्द बोटांना पाठ आहे, कापडावर नक्षी भरताना सुई कुठे जाते हे पाठ असतं तसा.

आधीचा तंत्रज्ञ स्पेनला गेला. त्याने काढून ठेवलेली दुसरी प्रत मावशींच्या कपाटात होती. डबा उघडला तर आत मुंग्यांनी संसार थाटलेला, डिस्कचा सत्यानाश. नवी प्रत काढणं हे माझं पहिलं काम, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. अशी कामं मी झोपेत करतो.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज मशीन सुरू करायचा दिवस. शनिवारी बंद, सोमवारी सुरू, ही इथली रीत. तिघी जणी ठेवणीतले कपडे घालून आल्या. एक बाई कीबोर्डपाशी बसते, बाकी सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, मीसुद्धा. एका बोटाने चाललेली टकटक ऐकत चुन्यातल्या भेगा मोजायच्या. तिसरा शब्द झाला की मशीन घरघरतं आणि सगळ्या वळतात.

मग हजेरी. सिंदुल्फामावशी एकेक नाव तोंडपाठ घेतात आणि बाकीच्या म्हणतात, हजर. नेलेल्यांची नावं आधी, मग वारलेल्या बायकांची. शेवटचं नाव इलारिआ, नीमियाबाईंची आई. मागच्या हिवाळ्यात गेली. नवीन नाव मेल्यावरच लागतं.

मी उत्साहाने, शाळेतल्या पोरासारखा, सगळ्यांच्या आधीच हजर म्हणून मोकळा झालो. पेत्रोनामावशी पोट धरून हसल्या. म्हणाल्या, सावकाश बाबा, तुझी पाळी यायला वेळ आहे. आणि मग हसू पुसून एवढंच सांगितलं, की हजेरीत दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची असते. स्वतःच्या नावाला जो ओ देतो तो त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

नीमियाबाई शाळा सुटल्यावर मांदियोकाचे उकडलेले कंद आणि चीज घेऊन आल्या. सुमारे पन्नाशीच्या, बोलणं तोलून मापून. त्यांनी मला नीट समजावलं की माझ्या ताब्यात काय आहे. त्यांच्या वडलांना आणि आणखी काही जणांना एका मळ्यात नेऊन मारलं आणि तिथल्या कोरड्या विहिरीत टाकलं. ती विहीर कुठली हे फक्त इलारिआला माहीत होतं. मुलीला तिने कधी सांगितलं नाही, कारण मुलगी त्याच मळेवाल्यांची नातवंडं शिकवते. म्हणाली, तुला माहीत नसलेलं बरं. तिने ते मशीनला सांगितलं, सीलबंद, न्यायाधीशानेच ऐकावं म्हणून.

आता न्यायाधीशाने ऐकायचं ठरवलंय. या महिन्यातच कोर्टाचा माणूस येईल. नीमियाबाई म्हणाल्या की आई गेल्यापासून तिचा आवाज ऐकलेला नाही, विहिरीपेक्षाही मला त्याचीच ओढ लागलीय, हे कुणाला सांगू नका. मला भरून आलं. मी म्हणालो, बाई, निर्धास्त राहा.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

इथे फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा, त्याने वीज खाल्लीय. जेवणं होऊन गाव आडवं झालं की हमखास जाते. गेली की मशीन बंद, आणि आली की पासवर्ड. म्हणजे मी रणरणत्या उन्हात तीन दारं वाजवत हिंडायचं आणि म्हाताऱ्यांना झोपेतून उठवून आणायचं. आज पेत्रोनामावशी वाटेत भोवळ येऊन भिंतीला टेकल्या. तरी वर मलाच म्हणाल्या, तुझी चूक नाही रे, सूर्याची आहे. मला स्वतःचीच लाज वाटली. पंचवीस शहाण्यांना पुरेल एवढी विद्या माझ्याकडे, आणि मी म्हाताऱ्यांना उन्हात पळवतोय.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

तोडगा काढला. मशीन उघडं असतं तेव्हा त्याच्या आठवणीतून किल्ली काढून घेता येते. मी काढली आणि डिस्कला माझी स्वतःची एक जादा किल्ली बसवली. ती डिस्कच्या बिनकुलपी कोपऱ्यात ठेवली. आता वीज जाऊ दे नाहीतर येऊ दे, मशीन आपापलं उघडतं.

सांगितलं मात्र कुणाला नाही. सांगितलं असतं तर सिंदुल्फामावशींनी मला त्याच बसने परत पाठवलं असतं. सोमवारच्या रीतीसाठी पासवर्ड विचारणारी एक खोटी पाटी लिहिली. काहीही टाइप केलं तरी ती म्हणते, ठीक आहे. त्यांच्याच भल्यासाठी आहे. हे वाक्य दोनदा लिहून खोडलं, पण आहे ते खरं आहे.

सोमवार, १२ फेब्रुवारी

मी भिंतीकडे तोंड करून उभा. सिंदुल्फामावशींचं बोट मध्येच अडखळलं, ऐकूच आलं मला. एरवी त्यांना पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागतं. आज मशीन उघडलं. त्या इतक्या खूश झाल्या. म्हणाल्या, बघा, आज मशीनने मला ओळखलं, चूक पोटात घातली. सगळ्यांना स्वतःच्या हातचं तेरेरे पाजलं आणि मला पहिला पेला दिला.

माझ्या घशाखाली तो उतरेना.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मला हे लिहायचं नाहीये. लिहितो.

सकाळी मशीनच्या सगळ्या प्रणालीचं नूतनीकरण लावलं. दुपारी ते अर्ध्यावर असताना वीज गेली. आल्यावर काळी स्क्रीन, वर एक ओळ, डिस्क सापडत नाही. घाबरण्यासारखं काही नव्हतं. बूट करणारी एक छोटी फाइल अर्धवट लिहिली गेली होती, ती पुन्हा बनवायची, बस. हे काम मी कितीतरी वेळा केलंय. दुरुस्तीच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं.

आणि मग मला शहाणपण सुचलं. म्हटलं हात लावायच्या आधी ती वचन दिलेली प्रत काढू या. दुसरा मोठा पेन ड्राइव्ह लावला. त्याला कुलूप बसवून कोरा करायची कमांड दिली, पहिल्या नंबरच्या डिस्कवर. रोज पहिला नंबर तोच असतो असं माझ्या डोक्यात. पण पेन ड्राइव्हवरून सुरू केलं की नंबर बदलतात. पहिला नंबर आवाजघराच्या डिस्कचा होता.

मशीनने विचारलं. विचारतंच ते. इथलं सगळं कायमचं जाईल, नक्की का, होय असेल तर मोठ्या अक्षरांत लिहा. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं. शीळ घालत होतो मी तेव्हा.

डिस्कच्या अगदी सुरुवातीला जिथे कुलपं असतात, ती जागा पुसली गेली. आवाज आत जसेच्या तसे आहेत. दार राहिलं नाही. आता त्या तिघींचे तिन्ही शब्द मिळाले तरी उपयोग नाही, माझी चोरटी किल्लीही नाही. मशीन सुरू असतं तर त्याच्या आठवणीतून पुन्हा काढता आली असती. ते दुपारीच विजेबरोबर बंद पडलं होतं. जगात कुणालाही आता ते उघडता येणार नाही. मला माहीत आहे, कारण असं कुलूप निवडल्याबद्दल आठवड्यापूर्वी मीच त्यांचं कौतुक केलं होतं.

संध्याकाळी सिंदुल्फामावशींनी दारातून विचारलं, सगळं बरं ना. मी म्हणालो, हो.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

दोन दिवस डिस्कच्या कणाकणातून शोधतोय. काही नाही.

नीमियाबाई धावत आल्या. कोर्टाचा माणूस पुढच्या शुक्रवारी, तेवीस तारखेला येणार. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, तुम्ही आलात आणि कामं मार्गी लागली. मी म्हणालो, आवाज देणारा भाग जरा बिघडलाय, असुन्सिओनहून मागवलाय, येईल वेळेवर.

कसला भाग. कुठून मागवलाय. तोंडातून इतकं सरळ आलं की मलाच खरं वाटलं. त्यानंतर घसा थोडा बसल्यासारखा झालाय.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

सांगायचं ठरवून निघालो होतो. सिंदुल्फामावशींच्या दारापर्यंत गेलो. आतून त्या कुणाला तरी सांगत होत्या की पोरगा गुणी आहे, दिसतो काटकुळा पण बोटांत देव आहे. परत फिरलो.

नव्या डिस्कवर नवी प्रणाली बसवली. माझी खोटी पाटी लावली. आत सगळ्या बायकांच्या नावाच्या फाइली तयार केल्या, आठवून आठवून. आत काही नाही, नुसती शांतता. इलारिआच्या नावाची शांतता केली तेव्हा हात थांबला. किती लांबीची करावी ते कळेना. तासाभराची केली.

रविवार, १८ फेब्रुवारी

सिंदुल्फामावशींकडे जेवायला. चिपा, म्हणजे चीज घातलेले छोटे पाव, आणि कोंबडीचा रस्सा. पेत्रोनामावशींनी माझ्यासाठी सदरा शिवलाय, आओ पोईचा, म्हणजे इथल्या तलम सुती कापडाचा, गळ्याभोवती पांढऱ्यावर पांढरी नक्षी. शुक्रवारी घाल म्हणाल्या, कोर्टाच्या माणसाला दिसू दे की आमच्या घरातही देखणा पोरगा आहे. त्यांचे डोळे अधू झालेत, तरी गळ्याची नक्षी हाताने भरलीय. सगळ्यांसमोर घालून दाखवायला लावला. मापात बसला.

मी म्हणालो, अप्रतिम. भाग निघालाय असुन्सिओनहून, असंही म्हणालो, कोणी विचारलं नसताना. आवाज चिरका आला. सिंदुल्फामावशी म्हणाल्या, सान ब्लासला नाही म्हटलंस ना, भोग आता. सगळे हसले. मीही हसलो. लाजेने मरत होतो आणि हसत होतो.

सोमवार, १९ फेब्रुवारी

सोमवारची रीत झाली. टकटक, टकटक, टकटक. पाटीने तिघींनाही ठीक आहे म्हटलं. हजेरीला मी ओठ नुसते हलवले.

दुपारी सगळं गाव आडवं झालं. मीही मागच्या खोलीत, झोपाळ्यावर. बाहेर ऊन पांढरं. पुढच्या दालनातून टकटक ऐकू आली. एका बोटाने, खूप सावकाश. वाटलं पेत्रोनामावशी काही विसरल्या असतील. उठून गेलो तर कुणी नाही. कीबोर्ड मी सकाळीच काढून कपाटात ठेवला होता, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. मशीन बंद केलं होतं. ते सुरू होतं.

स्क्रीनवर माझी पाटी. खाली मी न लिहिलेली ओळ.

तीन शब्द मिळाले. चौथा बाकी.

मी कीबोर्ड आणून जोडला. माझी पाटी काहीही चालवून घेते, मीच तशी लिहिलीय. काहीतरी टाइप केलं. नाही म्हणाली. दुसरं केलं. नाही. माझं नाव, गावाचं नाव, इलारिआचं नाव. नाही, नाही, नाही. प्लग उपसला. स्क्रीन विझायला वेळ लागला.

मंगळवार, २० फेब्रुवारी

प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ वाचला. चौथ्या शब्दाचं कुठे काही नाही. उन्हामुळे होत असेल. माझ्या डोक्यालाही ऊन लागलं असेल.

इलारिआच्या नावाची फाइल मी तासाभराची केली होती. आज ती तासाहून मोठी आहे. थोडीशीच. कॉपी करताना चूक झाली असेल. माझी तर चूक होतेच.

हेडफोन लावून ऐकलं. शांतताच आहे. पण ही मी केलेली शांतता नाही. मी केलेलीत काहीच नव्हतं. हिच्यात केबिन आहे. घोंगड्या आहेत, लाकूड कुरकुरतंय, कुणीतरी नाकाने श्वास घेतंय आणि बोलायचं की नाही ते ठरवतंय. आणि अगदी शेवटी, तासाच्या पुढे जेवढं वाढलंय तेवढ्यात, आवाज. माझा.

आवाज देणारा भाग जरा बिघडलाय, असुन्सिओनहून मागवलाय, येईल वेळेवर.

त्या दिवशी आम्ही अंगणात उभे होतो. केबिनमध्ये नव्हतो. रेकॉर्डिंग चालूच नव्हतं.

मंगळवारीच, चार वाजता

नीमियाबाई डोकावून गेल्या. विचारलं, भाग आला का. मी म्हणालो, आला, उद्या बसवतो. म्हणता म्हणताच अर्धा शब्द हवेत विरला. घसा दुखत नाही. फक्त तिथे कमी आहे काहीतरी.

त्या गेल्यावर फाइल बघितली. वाढली होती. शेवटी मी नुकतंच म्हटलेलं वाक्य आणि त्यातला विरलेला अर्धा शब्द. तो तिथे ठणठणीत आहे.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सगळं ऐकलं. पहिल्या दिवसापासूनचं. बाई, निर्धास्त राहा. सगळं बरं ना, हो. अप्रतिम. ओळीने, एका लयीत, माझ्या खणखणीत आवाजात, साक्ष दिल्यासारखं. मध्ये मध्ये ती बाई श्वास घेते. माझं ऐकते आहे.

फाइल पुसली. परत आली. सगळ्या पुसल्या. इलारिआची परत आली, एकटीच.

दुपारी हजेरी ऐकू आली. बंद मशीनमधून. पुरुषांचे आवाज, बायकांचे, मी कधी न ऐकलेले. प्रत्येक नावाला हजर, हजर. शेवटी इलारिआ — हजर. एरवी इथे संपते. संपली नाही. पुढचं नाव घ्यायच्या आधी माणूस श्वास घेतो, तसा श्वास —

मी अंगणात पळालो. उन्हात उभा राहिलो. सावली पायाखाली, जेमतेम.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सकाळी बसला गेलो. पळून जायला, दुसरं काय. खिडकीवर तिकीट मागितलं. बाईने माझ्यामागच्या माणसाकडे बघितलं. पुन्हा मागितलं. ओरडलो. ओठ हलले, तोंड वासलं, आवाज नाही. मागचा माणूस म्हणाला, अहो, पुढे सरका की, नुसते उभे काय. बस गेली. खिशात पेन होतं. लिहूनही तिकीट मागता आलं असतं. सुचलं नाही असं नाही. कुठे जाणार, तो आवाज इथेच आहे.

सदरा खुर्चीवर घडी करून ठेवलाय. त्याच्याकडे बघून सरळ नीमियाबाईंच्या शाळेत गेलो. कागदावर लिहून नेलं होतं, सगळं गेलं, मी घालवलं, एवढंच. त्या मुलांना बाहेर सोडत होत्या. मला पाहून इतक्या आनंदल्या. म्हणाल्या, उद्या आई बोलणार. रात्रभर झोप नाही मला. कागद माझ्या मुठीत होता. मूठ उघडली नाही. माझीच मूठ, आणि मी उघडली नाही. हे मशीनने केलेलं नाही. हे मी.

दुपारी. पुन्हा ती ओळ. चौथा बाकी. विचारायला कीबोर्ड नको, मी मनात विचारलं, कोणता. टकटक झाली, आतून, लाकडावर. त्या केबिनच्या.

हजेरी परत. इलारिआ — हजर. श्वास. मग म्हाताऱ्या बाईचा आवाज, नीमियाबाईंसारखाच तोलून मापून.

देर्लिस ओवेलार.

आणि मग शांतता. ही ती शांतता, जी मी तासाभराची केली होती. कुणी ओ देत नाही. वाट बघतायत.

कळलं मला चौथा शब्द कोणता.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

सदरा घातला. गळ्याशी नक्षी टोचते.

आल्या सगळ्या. कोर्टाचा माणूस, टाय लावून, घामाघूम. त्यालाही भिंतीकडे तोंड करायला लावलं. सिंदुल्फामावशींनी विचारलं, घसा अजून बसलेलाच का रे. मी मान हलवली. त्यांनी दोन बोटांची फुली करून माझ्या गळ्याला लावली, हसत हसत, आणि म्हणाल्या, घे, उशिरा का होईना.

वही भिंतीला टेकवून लिहितोय. कुणी बघत नाही. सगळ्यांच्या पाठी.

पहिला शब्द. दुसरा. पेत्रोनामावशी —

तिसरा झाला. मशीन घरघरलं नाही. नीमियाबाई म्हणतायत, उघडलं नाही का. स्क्रीनवर काय लिहिलंय हे, चौथा कसला. कुणाला कळत नाहीये. पुन्हा भिंतीकडे वळा म्हणतायत सिंदुल्फामावशी, चुकलं असेल काहीतरी, परत लिहू. त्यांना वाटतंय चूक त्यांची झाली. आता तरी सांग. वळ आणि हातवारे कर, पाया पड, काहीतरी —

स्पीकरची वायर मी काढलीय. त्यातून हजेरी सुरू झालीय.

नीमियाबाई म्हणाल्या, आई.

तिचा आवाज आहे. नावं घेतेय. सगळ्या ओ देतायत, रडत रडत, भिंतीकडे तोंड करूनच. कोर्टाचा माणूससुद्धा. हजर. हजर.

उघडेल ते. एका शब्दात उघडेल, मला पक्कं माहीत आहे, जसं मला माहीत होतं की कधीच उघडणार नाही. विहीर कुठे ते कळेल त्यांना. माझंही सगळं ऐकतील, एकेक वाक्य, ओळीने, नीमियाबाई ऐकतील. ऐकू देत.

इलारिआ. सगळ्या म्हणाल्या, हजर.

माझं नाव.

कुणी बोलत नाही. पेत्रोनामावशी पुटपुटल्या, हे काय, हा तर इथेच आहे आपल्यात.

घशात एकच शब्द उरलाय. लागतोय हाताला, इथे, नक्षीखाली. मी वळतोय. मी म्हणतो —

ह